बोलून लिहिताना: रोजच्या कामात एआय व्हॉइस डिक्टेशन वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईमेलची उत्तरं, बैठकीनंतरची टिपणं, वरिष्ठांना द्यायचा आढावा, ग्राहकाला पाठवायचं स्पष्टीकरण. असलं लिखाण कामाच्या दिवसाचा मोठा भाग खाऊन टाकतं. ते बोलून करता येतं, आणि आता बऱ्यापैकी चांगलं करता येतं. ज्यांची टाइप करून बोटं दुखतात, किंवा ज्यांना तोंडी सगळं नीट सांगता येतं पण कोऱ्या पानासमोर अडायला होतं, त्यांना ही सोय फार उपयोगी पडते. मात्र बोलून झाल्यावर मजकूर लक्ष देऊन वाचायची सवय लावून घ्यावी लागते. खालच्या बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण डिक्टेशनमुळे होणारे बहुतेक घोटाळे न वाचल्यामुळे होतात.

फोनच्या कीबोर्डवर माइकचं बटण असतंच. मग हे ‘एआय डिक्टेशन’ वेगळं काय?

इथे दोन कामं एकापाठोपाठ होतात. पहिल्यात तुमच्या आवाजाचे शब्द होतात. दुसऱ्यात एक भाषा मॉडेल, म्हणजे पुष्कळ मजकुरावर शिकवलेला, स्वतः वाक्यं रचू शकणारा प्रोग्राम, त्या शब्दांवरून हात फिरवतं: ‘म्हणजे’, ‘ते हे’, ‘अं’ काढून टाकतं, विरामचिन्हं घालतं, परिच्छेद पाडतं, सांगितलं तर सूर औपचारिक करतं. कीबोर्डवरचा माइक मुख्यतः पहिलंच काम करतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरंही होतं. दोन्ही टप्प्यांवर चुका होतात, पण त्या वेगळ्या जातीच्या असतात. पहिल्या टप्प्याची चूक बहुतेक वेळा डोळ्यांना खटकते. दुसऱ्या टप्प्याची चूक खटकत नाही, कारण वाक्य छान वाचलं जातं.

बोलून लिहिणं जुनंच आहे ना? आताच एवढं काय बदललं?

जुनं आहेच. बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेने १९५२ मध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र बनवलं होतं. ते बोललेले आकडे ओळखायचं, तेही एका ठरावीक माणसाच्या आवाजाशी जुळवून घेतल्यावर. आयबीएमने १९६२ मध्ये दाखवलेलं ‘शूबॉक्स’ १६ शब्द ओळखायचं. १९९० च्या ‘ड्रॅगन डिक्टेट’मध्ये प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. १९९७ मध्ये ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ आलं आणि सलग बोलता यायला लागलं, पण सुरुवातीला बराच वेळ मजकूर वाचून दाखवून त्याला आपला आवाज शिकवावा लागायचा.

पुढे न्यूरल नेटवर्कने, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या प्रणालींनी, चित्र पालटलं. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं ‘व्हिस्पर’ हे बोललेलं लिहून काढणारं मॉडेल ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं होतं. एवढी माणसं, एवढे आवाज आणि एवढा गोंगाट आधीच ऐकलेला असल्यामुळे आता आपला आवाज शिकवत बसावं लागत नाही. पूर्वी माणूस यंत्राच्या सोयीने तुटक बोलायचा. आता तसं बोललात तर उलट चुका वाढतात, कारण मॉडेल आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं.

खरंच वेळ वाचतो का?

मसुद्यात वाचतो, सगळीकडे नाही. साध्या संभाषणात इंग्रजी बोलणारा माणूस मिनिटाला सुमारे १५० शब्द बोलतो आणि सरासरी टाइप करणारा साधारण ४० शब्द टाइप करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठ, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि बायडू ही चिनी कंपनी यांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये फोनवर छोटे मजकूर लिहून घेतले, तेव्हा बोलून लिहिणं टाइप करण्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने झालं.

पण त्या प्रयोगात काय लिहायचं ते लोकांना समोर दिलेलं होतं. ऑफिसात तसं नसतं. काय लिहायचं हे ठरवण्यातच अर्धा वेळ जातो, आणि तो वेळ माइकमुळे कमी होत नाही. म्हणून फायदा मोजायचा असेल तर शेवटचा मजकूर पाठवून होईपर्यंतचा वेळ धरा. दहा-बारा ओळींचं उत्तर, बैठक संपल्या संपल्या करायचं टिपण, अहवालाचा पहिला खर्डा यात फरक लगेच जाणवतो. ‘ठीक आहे, उद्या बोलू’ एवढंच लिहायला माइक चालू करण्यात अर्थ नाही.

माइक चालू केला की सुचायचं बंद होतं. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि इथेच बहुतेक जण दोन दिवसांत नाद सोडून देतात. कारण साधं आहे. कीबोर्डवर आपण थांबत थांबत विचार करतो: अर्धं वाक्य लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. बोलताना ती सोय गेल्यासारखी वाटते आणि दडपण येतं.

आधी कागदावर तीन-चार शब्द टाका. वाक्यं नकोत, फक्त मुद्दे. समजा पुरवठादाराला लिहायचंय: ‘माल अर्धाच आला’, ‘उरलेला कधी’, ‘बिल तोवर थांबवलंय’. एवढं समोर असलं की बोलणं आपोआप पुढे सरकतं. मग ते पत्र ज्याला जायचंय तो समोर बसलाय असं समजून बोला. ‘उपरोक्त विषयान्वये’ असं तोंडाने बोलायला गेलात तर अडखळणारच. साधं बोला, औपचारिक रूप नंतर देता येतं.

बोलताना स्क्रीनकडे बघू नका. हा नियम पाळणं जड जातं, पण फायदा सगळ्यात जास्त त्याचाच. शब्द उमटताना दिसले की डोळा चुकीवर जातो, आपण मध्येच थांबून ती दुरुस्त करायला जातो आणि पुढचं वाक्य हातचं जातं. खिडकीबाहेर बघा, नाहीतर आपल्या मुद्द्यांच्या कागदाकडे बघा. चुका राहू द्या. थांबायचं तर वाक्य संपल्यावर थांबा, वाक्याच्या मध्ये नको. अर्ध्या वाक्यावर रेंगाळलात की सॉफ्टवेअर तिथेच पूर्णविराम देऊन मोकळं होतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं वाक्य आधी बोला. तोंडी सांगताना आपल्याला पार्श्वभूमीपासून सुरुवात करायची सवय असते, त्यामुळे बोलून लिहिलेल्या ईमेलमध्ये खरी मागणी तिसऱ्या परिच्छेदात सापडते.

विरामचिन्हं बोलून सांगायची का?

नवी सॉफ्टवेअर स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह स्वतः घालतात आणि बहुधा बरोबर घालतात. कंस, अवतरणचिन्हं आणि नवा परिच्छेद मात्र सांगावा लागतो किंवा नंतर हाताने करावा लागतो. मराठीत विरामचिन्हांच्या आज्ञा सगळीकडे चालतातच असं नाही. चालत नसतील तर हट्ट करू नका, शेवटच्या वाचनात घाला.

मराठीत कितपत चालतं?

चालतं, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगलं चालतं. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आणली. व्हिस्परलाही मराठी येते. पण इंग्रजीइतकी अचूकता अपेक्षू नका. व्हिस्परच्या त्या ६,८०,००० तासांपैकी इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांतलं बोलणं त्याच भाषेत लिहून काढायला शिकवण्यासाठी मिळून १,१७,००० तास होते. ज्या भाषेचं ध्वनिमुद्रण कमी, तिच्या वाट्याला चुका जास्त.

मराठीत तीन ठिकाणी हमखास बघावं लागतं. पहिलं ऱ्हस्व-दीर्घ: ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकताना जवळजवळ सारखेच, त्यामुळे मॉडेल संदर्भावरून ठरवतं आणि छोट्या वाक्यात चुकतं. दुसरं म्हणजे इंग्रजी शब्द. आपण ‘फाइल अपलोड करून लिंक शेअर करते’ असं सहज बोलतो. काही सॉफ्टवेअर ते सगळं देवनागरीत उमटवतात, काही मध्येच रोमन लिपीत उडी मारतात, आणि एकाच पत्रात दोन्ही आलं की ते पत्र गबाळं दिसतं. सेटिंगमध्ये भाषा ‘आपोआप ओळखा’ अशी न ठेवता मराठी निवडली की हा त्रास कमी होतो.

तिसरं म्हणजे बोलीचं आणि लेखी रूप. आपण बोलतो ‘काम झालंय, बिल पाठवलंय’. मजकुरात एका वाक्यात ‘झालं आहे’ आणि पुढच्यात ‘पाठवले आहे’ असं येतं. कुठलंही एक रूप चालेल, पण पत्रभर तेच हवं. भाषा मॉडेलला ‘प्रमाण लेखी मराठी, पण साधी’ अशी स्पष्ट सूचना द्या. नुसतं ‘औपचारिक कर’ म्हटलं तर ते ‘करण्यात येत आहे’च्या इतक्या माळा लावतं की कोण काय करतंय तेच कळेनासं होतं.

माझे उच्चार वेगळे आहेत. मला जमेल का?

जमेल, पण तुम्हाला इतरांपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो, आणि तो दोष तुमचा नाही. २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका संशोधनात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शब्दांच्या चुकांचं प्रमाण सरासरी ०.१९ निघालं, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ०.३५. म्हणजे शंभर शब्दांमागे १९ आणि ३५ चुका. भाषा इंग्रजीच, पण यंत्राने ज्यांचं बोलणं कमी ऐकलं होतं त्यांच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट चुका आल्या. प्रत्येक भाषेतल्या बोलींना हे लागू पडतं. कंपनीने सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर देऊन ‘आता सगळ्यांचा वेग वाढला पाहिजे’ म्हणणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं.

उच्चार बदलून बोलायला जाऊ नका. कृत्रिम बोलण्याने घसा शिणतो आणि अचूकताही फारशी सुधारत नाही. त्यापेक्षा आपल्या रोजच्या कामातला तोच मजकूर दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये बोलून बघा. एकात वाईट निकाल आला म्हणजे सगळीकडे तसाच येईल असं नसतं.

माणसांची नावं आणि आमच्या क्षेत्रातले शब्द दर वेळी चुकतात.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची शब्दसूची भरता येते. सहकाऱ्यांची आडनावं, प्रकल्पांची नावं, विभागांची लघुरूपं त्यात घाला. सगळा शब्दकोश मात्र ओतू नका, नाहीतर नको तिथेही तेच शब्द उमटू लागतात. नेहमी लागणारे आणि नेहमी चुकणारे, एवढेच पुरेत. क्वचित येणाऱ्या नावासाठी बोलताना ‘नाव इथे’ म्हणून पुढे जा आणि नंतर ते टाइप करा. चुकीचं नाव दिसायला बरोबर असेल तर ते शोधूनही सापडत नाही. ‘नाव इथे’ लगेच सापडतं.

मी बोललोच नाही असं वाक्य मजकुरात कुठून आलं?

नव्या मॉडेलची ही खोड ठाऊक असलीच पाहिजे. आवाज अस्पष्ट असला किंवा मध्ये बराच वेळ शांतता असली तर मॉडेल रिकामी जागा आपल्या अंदाजाने भरतं. शांततेच्या शेवटी नुसतं ‘धन्यवाद’ उमटतं तेव्हा ते पटकन लक्षात येतं. अख्खं वाक्य आलं तर येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिस्परने लिहून दिलेल्या सुमारे १ टक्का ध्वनिखंडांत मुळात न बोललेले शब्दसमूह किंवा वाक्यं आढळली. ज्यांच्या बोलण्यात विराम जास्त असतात त्यांच्या बाबतीत हे अधिक घडलं.

उपाय सोपा आहे. विचार करायला थांबायचं असेल तर माइक बंद करा. जे सॉफ्टवेअर कळ दाबून ठेवली तेवढंच ऐकतं ते या कामाला जास्त सुरक्षित. पंखा, खिडकी, शेजारचं बोलणं यांचा आवाज कमी करा.

मजकूर आपोआप ‘नीट’ करणारा पर्याय चालू ठेवावा का?

ठेवा, पण त्याने काय केलं ते बघत जा. एक उदाहरण घेऊ. तुम्ही बोललात:

‘अं, शुक्रवारी, नाही शुक्रवारी नको, सोमवारी भेटू. सकाळी अकरा... नाही, साडेअकरा.’

नीट केलेला मजकूर: ‘सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता भेटू.’ अगदी हवं तेच. हे सॉफ्टवेअर इथे उत्तम काम करतं.

आता दुसरं. तुम्ही बोललात:

‘त्यांच्याकडून अजून काही आलेलं नाहीये, पण बहुतेक पुढच्या आठवड्यात चाचणी होऊन जाईल असं वाटतंय.’

नीट केलेला मजकूर: ‘चाचणी पुढील आठवड्यात पूर्ण होईल.’

शुद्धलेखन निर्दोष, वाक्य सुटसुटीत. पण ‘बहुतेक’ गेलं, ‘असं वाटतंय’ गेलं, समोरच्यांकडून काही आलेलं नाही हेही गेलं. तुम्ही अंदाज सांगितला होता, ग्राहकाच्या हातात वचन पडलं. पुढच्या आठवड्यात चाचणी झाली नाही तर तो हेच वाक्य तुमच्यापुढे ठेवेल, आणि ‘ते सॉफ्टवेअरने लिहिलं’ हे उत्तर कुणीही ऐकून घेणार नाही.

‘बहुतेक’, ‘साधारण’, ‘शक्य झालं तर’, ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द मॉडेलला फापटपसारा वाटतात. कामाच्या पत्रात ते फापटपसारा नसतात, ते आपलं म्हणणं किती ठाम आहे ते सांगतात. सूचना लिहिता येत असतील तर ही सूचना घालून ठेवा: ‘अडखळणं आणि पुनरुक्ती काढ, शंका आणि अटी दाखवणारे शब्द ठेव, नवं काही घालू नकोस.’ मूळ बोललेला मजकूर आणि नीट केलेला मजकूर शेजारी शेजारी दाखवणारं सॉफ्टवेअर मिळालं तर तेच घ्या, बाकी सोयी कमी असल्या तरी.

मग पाठवण्याआधी कसं वाचायचं?

आपण बोललेलं आपल्या डोक्यात ताजं असतं, म्हणून डोळे कागदावरचं वाचत नाहीत, आठवणीतलं वाचतात. यावर चांगली युक्ती म्हणजे संगणकाकडून मजकूर मोठ्याने वाचून घेणं. चुकलेला शब्द कानाला लगेच टोचतो. वेळ नसेल तर एवढं तरी बघा: नावं, आकडे, तारखा, ‘नाही’ आणि ‘नको’, आणि कोणी काय करायचं ते. मराठी आकड्यांत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ अशा जोड्या घात करतात. रक्कम असेल तर ती टाइपच करा.

वाचण्याने किती फरक पडतो याचा पुरावा वैद्यकीय क्षेत्रातून मिळतो. डॉक्टरांनी बोलून तयार केलेल्या २१७ नोंदींचा एक अमेरिकन अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअरने लिहिलेल्या मूळ मजकुरात ७.४ टक्के चुका होत्या. प्रशिक्षित लेखनिकाने तपासल्यावर त्या ०.४ टक्क्यांवर आल्या. त्यानंतर सॉफ्टवेअर सुधारलं, पण तपासणीचं महत्त्व काही कमी झालेलं नाही.

कोणता माइक घ्यावा?

तोंडाजवळ राहणारा. किंमत त्यानंतरची गोष्ट. लॅपटॉपचा माइक दूर असतो आणि खोलीचा घुमारा पकडतो. वायरचा साधा हेडसेट बहुतेकांना पुरतो. माइक ओठांसमोर न ठेवता जरा बाजूला ठेवा, म्हणजे श्वासाचे फुत्कार नोंदले जात नाहीत. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान ऐकू येतात, पण माइक चालू झाला की अनेक हेडफोन कमी दर्जाच्या ध्वनिमार्गावर जातात. अचानक चुका वाढल्या तर आधी हे तपासा.

सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटतो.

स्वाभाविक आहे. माइक जवळ असेल तर फोनवर हळू बोलतो तेवढ्या आवाजात काम होतं. कुजबुजू नका, त्याने घशावर ताण येतो. शक्य असेल तर डिक्टेशनचं काम एकत्र साठवा आणि रिकाम्या बैठकीच्या खोलीत बसून उरका. पगार, आजारपण, तक्रार, कुणाच्या कामाचं मूल्यमापन असले विषय मोकळ्या जागेत बोलू नका. इथे धोका सॉफ्टवेअरचा नसून शेजारच्या टेबलावरच्या कानांचा आहे.

माझा आवाज कुठे जातो? गोपनीय गोष्टी बोलल्या तर चालतील का?

दोन प्रकार आहेत. काही सॉफ्टवेअर आवाज कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात, काही तुमच्याच यंत्रावर काम संपवतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे इंटरनेट बंद करून बोलून बघणं. शब्द उमटले तर निदान ओळखण्याचं काम यंत्रावर होतंय. मजकूर नीट करण्याचं काम तरीही बाहेर होत असू शकतं, म्हणून तेही तसंच तपासा.

सर्व्हरवर जात असेल तर वापरण्याआधी विचारा: ध्वनी साठवतात का, किती दिवस, त्यावर मॉडेल शिकवतात का, आणि माणसं ते ऐकू शकतात का. शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. व्हॉइस असिस्टंटची ध्वनिमुद्रणं कंत्राटी कर्मचारी ऐकत असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांना आपल्या पद्धती बदलाव्या लागल्या. आणखी एक गोष्ट: काही नवी सॉफ्टवेअर संदर्भ कळावा म्हणून स्क्रीनवरचा मजकूरही वाचतात. ती परवानगी लागत नसेल तर बंद ठेवा. ऑफिसच्या कामासाठी स्वतःच्या खात्यावरचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरू नका, आयटी विभागाला विचारा. बैठकीत इतरांचे आवाज नोंदवणार असाल तर आधी त्यांना सांगा आणि त्यांची संमती घ्या.

हात दुखतात म्हणून डिक्टेशनकडे वळतोय. काही काळजी घ्यावी का?

मनगट आणि बोटांच्या दुखण्यात याचा चांगला आधार होतो, पण घशालाही विश्रांती लागते. दिवसभर एकसुरी बोलत राहिलात तर आवाज बसतो. जवळ पाणी ठेवा, मध्ये मध्ये टाइप करा, सगळं एका दमात उरकू नका. आवाज बरेच दिवस बसलेला राहिला किंवा दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

काय बोलून लिहू नये?

पासवर्ड, तक्ते, सूत्रं, खाते क्रमांक, ज्यात शब्दन् शब्द ठरलेला असतो असा करार. रागाच्या भरातली उत्तरंही. टाइप करताना राग थोडा निवायला वेळ मिळतो, बोलताना तो जसाच्या तसा उतरतो आणि सॉफ्टवेअर त्याला व्यवस्थित वाक्यं देतं. बोलायचंच असेल तर बोला, पण ‘प्रति’च्या रकान्यात कुणाचाही पत्ता घालू नका.

वेगळं काही न घेता कुठे करून बघता येईल?

विंडोजमध्ये विंडोज कळ आणि ‘एच’ एकत्र दाबा. गूगल डॉक्समध्ये टूल्सच्या यादीत व्हॉइस टायपिंग आहे, वर्डच्या नव्या आवृत्त्यांत डिक्टेटचं बटण आहे, आणि मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये डिक्टेशन चालू करता येतं. भाषांची यादी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून आधी आपली भाषा आहे का ते पाहा.

बोलतोय, पण काहीच उमटत नाही.

क्रमाने तपासा: कर्सर मजकुराच्या चौकटीत आहे का, ब्राउझरला किंवा ॲपला माइकची परवानगी दिली आहे का, सेटिंगमध्ये दुसराच माइक निवडलेला आहे का, व्हिडिओ कॉल चालू राहून त्याने माइक अडवून ठेवला आहे का, भाषा बरोबर आहे का. थोडा वेळ गप्प राहिल्यावर बरीच सॉफ्टवेअर आपोआप ऐकायचं थांबवतात. मोठा मजकूर बोलायच्या आधी स्क्रीनवरची माइकची खूण चालू आहे ना ते पाहा, आणि दर परिच्छेदानंतर एकदा नजर टाका.